आत्याचा अंगठा आणि 18,000 ची चिठ्ठी

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी 22 वर्षं मुनीम आहे. माल मोजणाऱ्या मापाड्याची चिठ्ठी आणि मी केलेली हिशेबाची पट्टी यांचा मेळ बसल्याशिवाय आमच्याकडे शेतकऱ्याला पैसे मोजले जात नाहीत. हे काम रोज करणाऱ्या मला आत्याच्या दवाखान्याचे कागद नीट पाहायला आठ दिवस लागले, याची खंत अजून जात नाही.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आत्या अंगणातल्या शेवाळावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. केशरी रेशनकार्ड होतं, आधार होतं, म्हणून सरकारी खर्चानं मोफत उपचार देणाऱ्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या एका खासगी दवाखान्यात तिला नेलं. नोंदणी झाली, ऑपरेशनला मंजुरी आली. आणि मग एक माणूस मला जिन्याखाली घेऊन गेला. म्हणाला, "योजनेतला रॉड साधा असतो. म्हाताऱ्या माणसाला चांगला टाका. 18,000 वरचे द्यावे लागतील." आत्या आत कण्हत होती. आतेभावाने घरात पेरणीतून उरलेले 8,000 रोख दिले, 10,000 मी मेडिकलच्या नंबरवर फोनवरून पाठवले. पावती मागितली तर औषधाच्या चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूला निळ्या पेनानं लिहून मिळालं: "रॉड – 18,000". ना शिक्का, ना सही, ना तारीख.

घरी सोडलं त्या दिवशी कागदांचा गठ्ठा मिळाला. तो मी आठ दिवसांनी, रविवारी दुपारी उघडला. डिस्चार्ज कार्डावर तीन दिवस अतिदक्षता विभाग. अहो, आत्या पहिल्या रात्रीपासून जनरल वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होती! त्याच खाटेखाली सतरंजी टाकून मी झोपत होतो. नोंदणीच्या कागदावरचा मोबाइल नंबर आमच्या घरात कुणाचाच नव्हता. आणि सगळ्यात खाली छापील अभिप्राय: 'माझ्यावर पूर्णपणे मोफत उपचार झाले, माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतली नाही.' त्याखाली आत्याचा अंगठा. जांभळी शाई थोडी पसरलेली.

"मला म्हणाले, सुट्टीचा कागद आहे, अंगठा उठवा," आत्या म्हणाली.

मी तक्रार करायची म्हटल्यावर तिनं माझा हात धरला. "लेकरा, फुकटात पाय जोडून दिला त्यांनी. त्यांच्यावर कशाला उलटायचं?" मला वाटतं, सगळी लबाडी याच एका भावनेवर उभी आहे. उपचार फुकट झाले म्हणजे उपकार झाले, आणि उपकार करणाऱ्याकडे हिशेब कसा मागायचा? पण दवाखान्याला त्या ऑपरेशनचे पैसे योजनेतून मिळतात. त्यात रॉड आला, तपासण्या आल्या, औषधं आली, जेवण आलं, घरी जायचं भाडंसुद्धा आलं. वरचे 18,000 म्हणजे त्याच मालाचे दुसऱ्यांदा घेतलेले पैसे. आणि योजनेचं 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण एकट्या आत्याचं नाही, घरातल्या सगळ्यांचं मिळून वर्षाचं आहे. न झालेले अतिदक्षता विभागाचे दिवस त्यात लावले, तर उद्या आतेभावाच्या लेकराला गरज पडली तेव्हा तेवढं कमी.

मोबाइल नंबरची गोष्ट मला आधी किरकोळ वाटली होती. मग सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालाबद्दल वाचलं. केंद्राच्या अशाच आयुष्मान भारत योजनेत जवळपास साडेसात लाख लाभार्थी 9999999999 या एकाच नंबरवर नोंदलेले सापडले होते. पडताळणी आधारवरून होते, मोबाइलवरून नाही, असा खुलासा सरकारनं केला. तो मान्य केला तरी, रुग्णाच्या नावानं काय मंजूर झालं याचा मेसेज रुग्णाकडे पोचणारच नसेल, तर त्याला कळणार कुठून?

आमच्या बाबतीत पैशांवर निभावलं. नोव्हेंबर 2024 मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात मोफत तपासणी शिबिर झालं, तिथून 19 जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, सात जणांच्या अँजिओप्लास्टी (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी मोकळी करण्याचा उपचार) केल्या आणि दोघं दगावले. गरज नसताना योजनेच्या पैशांसाठी हे केल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी काही जणांना अटक केली. तेव्हापासून दुकानावर कुणी म्हणालं की शिबिरातून गाडी दवाखान्यात नेणार आहे, तर मी सांगतो, आधी सरकारी दवाखान्यात दाखव, मग गाडीत बस.

तक्रार मी अशी केली. आधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेतल्या रुग्णांच्या मदतीला दवाखान्यात बसणाऱ्या माणसाकडे गेलो. पोरगा वाईट नव्हता, पण म्हणाला, "काका, आपसात मिटवून घ्या." मग योजनेच्या मदत क्रमांकावर, 155388 वर फोन लावला. (1800 233 2200 हाही योजनेचाच, आणि आयुष्मानचा 14555.) तक्रार क्रमांक वहीत उतरवून घेतला. शेवटी योजनेच्या जिल्हा समन्वयकांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला, एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स, डिस्चार्ज कार्ड, 10,000 पाठवल्याचा फोनवरचा पुरावा. अर्जात शिवीगाळ नाही, 'लुटारू' वगैरे शब्द नाहीत. कोणत्या तारखेला, कोणी, किती, कशासाठी, एवढंच. रोख दिलेल्या 8,000 चा पुरावा म्हणून फक्त ती पाठकोरी चिठ्ठी. त्यामुळे तुम्हाला द्यावेच लागले तर फोनवरून द्या.

दीड महिन्यानं दवाखान्याचा माणूस गावात आला. 18,000 मोजून दिले आणि पुढे एक टाइप केलेला कागद सरकवला. शाईचं पॅड त्यानं सोबतच आणलं होतं. आत्या वॉकर धरून उभी होती. ती म्हणाली, "बापू, आधी वाचून दाखव." मी वाचलं. गैरसमजातून तक्रार केली होती, ती मागे घेत आहे, असं होतं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग पैसे आतेभावाकडे देऊन हात पदराखाली घेतला.

तक्रार अजून उघडी आहे. अतिदक्षता विभागाच्या त्या तीन दिवसांचं उत्तर मिळालेलं नाही. परवा समन्वयकांच्या कार्यालयातून फोन आला, मूळ चिठ्ठी घेऊन या म्हणाले. ती माझ्या रोजकीर्दीत, रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, घडी घालून ठेवलेली आहे. सोमवारी यार्डाला सुट्टी टाकून जाणार आहे, आत्याही येते म्हणतेय.