माउंट एअरीहून आल्यावर

रविवार, रात्रीचे साडेदहा

बोटांची टोकं हुळहुळतायत आणि डोक्यात अजून बॅन्जो चालूच आहे, पण आत्ताच लिहून काढते, उद्या ऑफिस सुरू झालं की यातलं निम्मं विसरायला होईल. जूनच्या पहिल्या वीकेंडला माउंट एअरीला फिडलर्स कन्व्हेन्शन (फिडल म्हणजे व्हायोलिनच, इथल्या लोकसंगीतवाल्यांचा मेळा) भरतं, पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला, नॉर्थ कॅरोलिनाच्या पार वरच्या टोकाला, व्हर्जिनियाची हद्द तिथून अगदी जवळ. यावेळी आई सांगलीहून आलीये म्हणून तिलाही नेलं. नवरा म्हणत होता की अगं, आई दोन दिवस उन्हात खुर्चीवर बसून कंटाळतील. कंटाळणं राहिलं बाजूला, शनिवारी रात्री आम्ही निघू या म्हणत होतो आणि तीच उठायला तयार नव्हती.

केरीहून, म्हणजे आमच्या गावाहून, आय-४० हायवे धरायचा, विन्स्टन-सेलमला यूएस-५२ वर वळायचं, साधारण दोन-सव्वादोन तास. वाटेत मेबनचा एक्झिट येतो आणि तो दिसला की मला दरवेळी तिथले जो थॉम्पसन आठवतात. आईने तेवढ्यात विचारलंच होतं की हे बॅन्जो गोऱ्यांचंच ना वाद्य (तिच्या डोक्यात आधी आपली वरातीतली बेंजो पार्टी, ते बटणांचं वाद्य, ते वेगळं हे सांगण्यात ग्रीन्सबरोपर्यंतचा अर्धा रस्ता गेला). तर तिला सांगितलं की मूळ आफ्रिकेतलं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी इथे भोपळ्यावर कातडं ताणून असली वाद्यं बनवली आणि त्यातून पुढे बॅन्जो घडत गेलं. जो थॉम्पसन म्हणजे त्या ब्लॅक स्ट्रिंगबँड (फिडल, बॅन्जो अशा तारवाद्यांचे बँड) परंपरेतले अगदी शेवटच्या फळीतले फिडलवाले, १९१८ चा जन्म, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी आणि घरात वडिलांपासून चालत आलेलं फिडल. २००५ मध्ये आमच्याच राज्यातल्या बून गावी ब्लॅक बॅन्जो गॅदरिंग झालं, त्यानंतर रिअ‍ॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तीन तरुण मुलं दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन बसायला लागली, नुसतं त्यांच्याबरोबर वाजवायचं, वही नाही पेन्सिल नाही. त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड झाला, २०११ ला त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि २०१२ ला जो गेले. एक एक्झिट मागे पडेपर्यंत एवढं सगळं सांगून झालं. आई म्हणाली, "म्हणजे अगदी वेळेवर पोचली गं पोरं."

विन्स्टन-सेलम सोडल्यावर पायलट माउंटन दिसायला लागला की रेडिओ एएम ७४० वर लावायचा, डब्ल्यूपीएक्यू, १९४८ पासून चालू असलेलं गावाचं स्टेशन, अजूनही तिथल्या लोकांचं संगीत लावतं.

कन्व्हेन्शनला स्टेज असतं, स्पर्धा असतात, फिडल, बॅन्जो, मँडोलिन, अख्खे बँड, ब्लूग्रास वेगळं आणि ओल्ड-टाइम वेगळं (दोन्ही इकडची तारवाद्यांची संगीतं, ओल्ड-टाइम जुनं, ब्लूग्रास त्यातून पुढे निघालेलं). पण मी खरं सांगू का, स्टेजसमोर मी फार वेळ बसतच नाही. खरं काय ते मागे, पार्किंग आणि कॅम्पिंगच्या मैदानात. आरव्ही (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या) उभ्या, त्यांना ताडपत्र्या बांधलेल्या, खाली फोल्डिंगच्या खुर्च्या आणि दर वीस पावलांवर एक घोळका वाजवतोय. चालत गेलं की एकाचा आवाज विरतो न विरतो तोच दुसऱ्याचा सुरू. ओल्ड-टाइमवाल्यांच्यात सगळे मिळून एकच धून, पुन्हा पुन्हा, दहा-दहा मिनिटं, सोलो वगैरे भानगड नाही, बॅन्जो तिथे नखाने खाली मारत वाजवतात. ब्लूग्रासच्या घोळक्यात पाळी असते. एकजण गाणं आणि सूर सांगतो, गातो, मग कडव्यांच्या मधे फिडलची पाळी, मग बॅन्जोची, मग डोब्रोची (आडवी धरून वाजवायची गिटार), असं गोल फिरत जातं. मान हलवून विचारतात, घ्यायचं नसेल तर नुसती नकाराची मान हलवायची, कुणी काही म्हणत नाही. आणि शेवट आला की ज्याने गाणं सुरू केलं तो एक पाय उचलतो.

आईने पहिल्याच गाण्याला विचारलं, "पाय का उचलला त्यांनी?" सांगितल्यावर पुढच्या प्रत्येक गाण्याला ती पायांकडेच बघत बसली.

ज्या घोळक्यात आम्ही टेकलो तिथे दोन गिटारी, बॅन्जो, फिडल, डोब्रो, उभा बेस आणि मी मँडोलिन घेऊन. गिटारवाले एक आजोबा म्हणजे सगळ्यांचे म्होरके, ऐंशीच्या आसपासचे असतील, त्यांनीच आईसाठी सावलीत खुर्ची सरकवून दिली आणि तिचं नाव दोनदा विचारून नीट उच्चारलं. मी आईच्या कानात सांगत होते की बघ, यांच्या बहुतेक गाण्यांत तीनच कॉर्ड, सा वर एक, म वर एक, प वर एक, आणि कुठून कुठे जायचं हे सुरावळीवरून आपोआप कळतं. तिने मांडीवर हात ठेवला. पहिली दोन गाणी नुसती ऐकली. तिसऱ्याला म वर जायच्या अर्धी मात्रा आधी तिचा तळवा उलटा व्हायला लागला, प आला की बोट वर, सा ला परत तळवा खाली. एकदाही चुकली नाही! चाळीस वर्षं भजनी मंडळात काढलेली बाई, कॉर्ड हा शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. फिडलवाल्या बाईंचं लक्ष गेलं तिच्या हाताकडे, त्यांनी बेसवाल्याला खुणावलं, आणि मग तो पोरगा पुढची दोन गाणी आईच्या हाताकडे बघत बदल घेत होता. नंतर आई मला म्हणते, "केरव्यासारखं आहे, पण जोर समेवर नाही, समेच्या मधल्या जागी झटका आहे." अगदी तेच आहे, आणि तो झटका माझा होता. मँडोलिनचा.

यावर मला आज लिहायचंच होतं. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतात. बेस मारतो एक आणि तीनवर, मँडोलिन मारायचं दोन आणि चारवर, त्याला चॉप म्हणतात. चारही जोड-तारा बोटांनी दाबलेल्या हव्यात, एकही मोकळी नको, प्लेक्ट्रम (तार छेडायची नखी) झपकन ओढायचा आणि लगेच डावी बोटं सैल सोडायची, तारेवरून उचलायची नाहीत, नुसती सैल, म्हणजे सूर तिथेच तुटतो आणि उरतो तो फक्त चक. बोटं उशिरा सोडली तर सूर लांबतो आणि सगळं बरबटतं, लवकर सोडली तर आवाजच येत नाही. तेवढी एक गोष्ट नीट यायला मला किती महिने गेले आणि ती करताना तुमच्याकडे कुणी बघतही नाही! पण ती डगमगली की अख्ख्या घोळक्याची लय पळायला लागते. पाळी येते ती अर्ध्या मिनिटाची, बाकी सगळा वेळ तुम्ही दुसऱ्याला साथ करताय. गाणारा गातोय तर आवाज खाली न्यायचा, फिडल सोलो घेतेय तर बॅन्जोने रोल (बोटांनी तारांवर सलग वाजवलेली सुरांची माळ) मागे घ्यायचा किंवा तोही चॉपसारखा मारायचा. माझ्या मते जॅम, म्हणजे असं घोळक्याने मिळून वाजवणं, ओळखायचा तो यावरून. शुक्रवारी एका घोळक्यात गेलो होतो, तिघंही भन्नाट बोटांचे, पण तिघंही सतत वाजवतायत, गाणारीचे शब्द कुणाला ऐकू येत नव्हते, ती बिचारी शेवटी गाणं अर्ध्यात सोडून कॉफी आणायला गेली. आजोबांच्या घोळक्यात एक नवशिका मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा, त्याची पाळी आली की सगळे इतके हळू व्हायचे की त्याच्या एकेका तारेचा आवाज सुटा ऐकू यायचा. मला ते जास्त मोठं वादन वाटतं.

तो मुलगा जॅम नावाच्याच शाळेनंतरच्या वर्गात शिकतो म्हणे, ज्युनियर अ‍ॅपलेशियन म्युझिशियन्स. २००० साली हेलन व्हाइट या बाईंनी स्पार्टाच्या प्राथमिक शाळेत सुरू केलं, माउंट एअरीहून फार लांब नाही ते गाव. मुलांना कानाने शिकवतात, आणि आता डोंगरातल्या कितीतरी काउंट्यांमधे वर्ग आहेत.

बॅन्जोबद्दल आईला फार कुतूहल. ती पाचवी तार, बुटकी, मानेच्या मधूनच सुरू होते, सगळ्यात वरचा सूर तिचा, आणि अंगठा सारखा तिच्यावर येत राहतो. आई म्हणाली सतारीची असते तशी चिकारी आहे ही. अगदी! अंगठा आणि दोन बोटं, तीन बोटांना तीन नख्या, आठ स्वरांचा रोल पण बोटं तीन, त्यामुळे जोर दरवेळी वेगळ्या ठिकाणी पडतो आणि ते पाण्यासारखं वाहतं. ही पद्धत जगभर नेली अर्ल स्क्रग्जने, आणि तो आमच्याच राज्यातला, शेल्बीजवळच्या फ्लिंट हिलचा, १९२४ चा जन्म. केंटकीचा बिल मन्रो, मँडोलिन आणि उंच आवाज, त्याच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमधे स्क्रग्ज डिसेंबर १९४५ मधे आला, लेस्टर फ्लॅट गिटारवर होताच, आणि बहुतेक लोक ब्लूग्रासचा खरा जन्म तिथूनच धरतात. म्हणजे हे संगीत आईपेक्षा जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठं. लोकांना वाटतं शेकडो वर्षं जुनं असेल. आणि फेस्टिव्हलचा प्रकार तर त्याहून नवा, कार्लटन हेनीने १९६५ मधे व्हर्जिनियात फिनकॅसलला घोड्यांच्या फार्मवर तीन दिवसांचा भरवला तो पहिला धरतात.

मला हे सगळं लागलं ते रॅलीमुळे, म्हणजे आमच्या राज्याच्या राजधानीमुळे. आयबीएमएचं (इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशन) मोठं संमेलन २०१३ पासून २०२४ पर्यंत रॅलीत भरायचं, फेएटव्हिल स्ट्रीट बंद करून रस्त्यावर फुकट स्टेजेस, ऑफिस सुटलं की मी खालीच उतरायचे. २०२५ पासून ते टेनेसीत चॅटनूगाला गेलं. बातमी आली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, वाटलं की संपलं आता इथलं. नाही संपलं. रॅलीने ऑक्टोबरमधे स्वतःचा वेगळा फेस्टिव्हल सुरू केला ते एक, पण मुख्य म्हणजे आमचा मंगळवारचा जॅम एक आठवडाही थांबला नाही. पाइनकोन ही संस्था १९८४ पासून आहे, ती फुकट जॅम भरवते, मुलांची शिबिरं घेते. त्याशिवाय कुणाच्या गॅरेजमधे, कुठल्या ब्रूअरीच्या मागच्या अंगणात चालूच असतं. ज्या ठिकाणी मोठं संमेलन होतं तिथे हॉटेलं भरतात, ठीक आहे, पण एखाद्या गावात संगीत आहे की नाही हे मंगळवारी संध्याकाळी कळतं, असं माझं पक्कं मत झालंय.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. अख्ख्या मैदानात आम्ही दोघी आणि नवरा सोडून आपल्याकडचे कुणी दिसले नाहीत, ब्लॅक चेहरे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमच्याशी सगळे फार चांगले वागले, तो प्रश्नच नाही. पण ज्यांच्या पूर्वजांनी बॅन्जो इथे आणलं त्यांचीच मुलं इथे नाहीत हे टोचतं. रिअ‍ॅनन गिडन्सने २०१७ ला रॅलीतच आयबीएमएच्या भाषणात हेच मांडलं होतं, की ब्लूग्रासमधे विविधता आणायची कशी असं विचारू नका, ती परत कशी आणायची ते विचारा. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मी सांगते चला तर म्हणतात ते कंट्रीवाल्यांचं, आपल्याला कोण विचारतंय. शनिवारी बॅन्जोवाल्या काकांना कळलं की आम्ही भारतातले, तर त्यांनी बॅन्जो मांडीवर आडवं ठेवलं आणि झाकीरभाईंबद्दल बोलत बसले. बॅन्जोवर बेला फ्लेक, बेसवर एडगर मायर, तबल्यावर झाकीर हुसेन आणि बासरीवर राकेश चौरसिया यांचा कार्यक्रम त्यांनी समोर बसून ऐकला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या चौघांना ग्रॅमी मिळालं आणि त्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले. काका म्हणाले, तबला ऐकल्यापासून मी रोल हळू वाजवायला शिकलो. आईला मी भाषांतर करून सांगितलं तर तिचे डोळे भरून आले, तिने मुंबईत त्यांना ऐकलेलं.

बाकी काय. सॉन्कर खाल्लं, तिथल्या सरी काउंटीचा फळांचा गोड प्रकार, पीचचं, आईला दुधाची गोड सॉस फार आवडली. नवऱ्याची पाठ उन्हाने भाजली.

ऑगस्टमधे गॅलॅक्सला जायचं ठरतंय, व्हर्जिनियात, ते तर १९३५ पासूनचं. आईचं तिकीट सप्टेंबरचं आहे म्हणजे जमेल. तोपर्यंत मला बी (B) या पट्टीतली गाणी पक्की करायचीयेत, गिटारवाले चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी चाप) लावून मोकळे होतात, मँडोलिनवर कुणी कॅपो लावत नाही, ए (A) कॉर्डचा आकार दोन पडदे वर सरकवायचा आणि करंगळी ताणायची, तिथेच माझी बोटं दुखतात. आईने मंगळवारच्या जॅमला टाळ नेऊ का विचारलं. मी नको म्हटलं, चॉपच्या जागेवर टाळ वाजला तर दोघांचंही वाटोळं. त्याऐवजी तिला वरचा सूर गायला सांगितलंय, गाणाऱ्याच्या वर तिसऱ्या स्वरावर, टेनर म्हणतात तो. आपला कान सगळ्यांनी एकाच सुरात गाण्याला सरावलेला, त्यामुळे ती दर दोन ओळींनी घसरून मूळ चालीवर येते, आज गाडीत विन्स्टन-सेलमपासून केरीपर्यंत तोच सराव चालला होता. हो म्हणालीये, फक्त शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून दे म्हणाली.