बरोबर एक सेकंद चुकलेलं घड्याळ

चंद्र कृत्तिकांवरून जातो तेव्हा तारा हळूहळू मंदावत नाही. चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे आत्ता असलेला तारा पुढच्या क्षणी दिसेनासा होतो. तो क्षण अचूक टिपायचा म्हणून मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला निओ-६एम जीपीएस मॉड्यूल जोडलं. जीपीएसडी (मॉड्यूलचा मजकूर वाचणारा प्रोग्राम), क्रोनी (संगणकाचं घड्याळ जुळवणारा) वगैरे एका रविवारी बसवून झालं. पुढचे तीन आठवडे मात्र एका सेकंदाने खाल्ले.

मॉड्यूल घेताना पिना मोजून घ्या, पाच हव्यात; पाचवी पीपीएसची, म्हणजे दर सेकंदाला एक ठोका देणारी. माझ्या मॉड्यूलवर चारच होत्या. विक्रेत्याने 'पीपीएस आउटपुट आहे' असं ठळक लिहिलं होतं, पण ते आउटपुट म्हणजे बोर्डावरचा लुकलुकणारा दिवा. त्या दिव्याच्या रेझिस्टरला केसाएवढी वायर सोल्डर करून ती पायच्या जीपीआयओ १८ या पिनेवर आणावी लागली. हा राग अजून गेलेला नाही.

पीपीएसटेस्ट (ठोके येतात का ते दाखवणारा प्रोग्राम) लावल्यावर दर सेकंदाला एक ओळ उमटू लागली. क्रोनीही फरक मायक्रोसेकंदांत दाखवू लागलं. फक्त इंटरनेटवरचे सगळे सर्व्हर बरोबर एक सेकंद वेगळे दिसत. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, तेव्हा चूक इंटरनेटचीच, असं मी धरून चाललो. चार रात्रींच्या नोंदी त्या विश्वासावर गेल्या.

खरी गोष्ट अशी: पीपीएसचा ठोका सेकंद नेमका कधी सुरू झाला एवढंच सांगतो, तो कुठला सेकंद हे त्याला माहीत नसतं. ते सिरियल लाइनवरून मजकुरात येतं. ९६०० बॉडला (हा त्या लाइनचा वेग) एक अक्षर साधारण एक मिलिसेकंद घेतं, आणि उपग्रह जास्त दिसले की मजकूर लांबतो. माझ्याकडे तो सरासरी ०.५३ सेकंद उशिरा पोचत होता. उशीर अर्ध्या सेकंदापलीकडे गेला की क्रोनी ठोका शेजारच्या सेकंदाला चिकटवतं. म्हणूनच एखाद्या संध्याकाळी घड्याळ आपोआप बरोबर यायचं आणि मी आणखी गोंधळायचो.

उपाय दहा मिनिटांचा. क्रोनीच्या सेटिंगमध्ये मजकुराच्या स्रोताला 'नोसिलेक्ट' (फक्त मोज, वापरू नको) लावा, रात्रभर इंटरनेटच्या वेळेशी ताडून बघा, आणि येईल तो सरासरी उशीर 'ऑफसेट' म्हणून लिहा. मग 'नोसिलेक्ट' काढून पीपीएस त्याला 'लॉक' करा, म्हणजे ठोक्याचा सेकंद त्या मजकुरावरून ठरतो. मी बॉडही ३८४०० केला. सकाळी सर्व्हर आणि पीपीएस एका रांगेत दिसले तेव्हा घरातल्या सगळ्यांना उठवून स्क्रीन दाखवला.

हो, जीपीएसडीला '-एन' द्यायला विसरू नका, नाहीतर कुणी विचारेपर्यंत ते रिसीव्हर उघडतच नाही. पायचा सिरियल कन्सोलही आधी बंद करा, तो तीच सिरियल लाइन वापरतो.

आणि मॉड्यूल बरेच दिवस बंद असेल तर लगेच नोंद घेऊ नका. जीपीएसची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. हा आकडा उपग्रहाच्या ज्या संदेशात येतो, तो पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर जुन्या रिसीव्हरची वेळ काही सेकंद चुकू शकते. मी आता चंद्र ताऱ्याला भिडण्याच्या तासभर आधी अँटेना गच्चीच्या कठड्यावर ठेवतो.