जर्मनीत शेगडी जोडून घेताना: माझा अनुभव

जर्मनीत विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. त्यामुळे पुण्याहून आणलेला मिक्सर इथे बिनधास्त चालतो, अमेरिकेसारखा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, हे निघण्यापूर्वी मला दहा जणांनी सांगितलं. घर कसं मिळालं, सामान कसं आलं, वीज कंपनीचं खातं कसं उघडलं यात लिहिण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत झालं. अडलं ते शेगडीपाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

स्टुटगार्टमध्ये आम्हाला मिळालेलं घर 1950च्या दशकातल्या इमारतीतलं. इथे भाड्याच्या घरात बरेचदा स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची जोडणी, एवढंच असतं. ओटा, कपाटं, शेगडी आपली आपण आणायची. गॅस सिलिंडरचा प्रश्नच नाही, शेगडी विजेची. ही शेगडी साध्या प्लगवर चालत नाही. भिंतीतल्या एका चौकोनी डबीत थ्री-फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या तीन वेगळ्या फेजच्या, वायरी येतात आणि त्यांना ती कायमची जोडावी लागते. सॉकेटमध्ये 230 व्होल्ट असले, तरी यातल्या कोणत्याही दोन फेजच्या वायरींमध्ये 400 व्होल्ट असतात. इथल्या 2006च्या नियमावलीनुसार असलं काम वीजपुरवठा कंपनीच्या यादीत नोंदलेल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं असतं. दुकानाची माणसं शेगडी वर आणून ठेवून गेली, जोडणीसाठी वेगळा माणूस येणार होता.

तो आला. त्याने आधी फ्यूज काढले, मग डबीचं झाकण उघडलं आणि दोन टोकांच्या टेस्टरने प्रत्येक वायर तपासली. आत चारच वायरी होत्या. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थिंगची वायर नव्हतीच. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थिंग दोन्हींचं काम एकाच वायरवर, ही जुनी पद्धत. नव्या घरगुती वायरिंगमध्ये ती 1973पासून बंद आहे. त्याने बोट लावताच त्या वायरीचं आवरण कुरकुरीत होऊन गळून पडलं, आतलं तांबं उघडं दिसायला लागलं. त्याने मला समजावून सांगितलं की ही एक वायर कुठे तुटली किंवा ढिली झाली, तर शेगडीच्या पत्र्यात करंट उतरेल आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही. जोडणी न करता तो झाकण लावून गेला. त्याच्या जागी कोणी वीस युरो जास्त घेऊन जोडून दिली असती, तर मला ते कळलंही नसतं. त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

पुढचं सगळं त्रासाचं. घरमालकाच्या वतीने इमारतीचा कारभार एक कंपनी बघते. तिला फोन केला. बाई म्हणाल्या, शेगडी जोडणं भाडेकरूचं काम. मी म्हटलं, शेगडी जोडायला माणूस आलेला होता, तुमची वायर खराब आहे म्हणून परत गेला. त्यावर उत्तर, मेल करा. मेल केली, तर आलेलं उत्तर आधीच छापून ठेवल्यासारखं: इमारत बांधली तेव्हाच्या नियमांनुसार वायरिंग योग्य आहे. आवरण गळून पडलंय याचा उल्लेखच नाही. पुन्हा फोन, तर त्या बाई रजेवर. दुसऱ्या गृहस्थांकडे फाइल नाही. मग कळलं की त्यांचा ठरलेला इलेक्ट्रिशियन आहे आणि त्याला त्यांच्याकडून लेखी काम गेल्याशिवाय तो येत नाही. ते लेखी काम त्या बाईच देणार. आठवड्यांमागून आठवडे गेले. नवीकोरी शेगडी स्वयंपाकघरात उभी, तिच्यावर आम्ही भाजीच्या पिशव्या ठेवत होतो. घरात लहान मूल असताना कोणी असं ताटकळत ठेवावं, हे मला कधीच पटणार नाही.

या काळात अनेकांनी सुचवलं की स्वतःच जोडून टाका, वायरी कितीशा असतात. माझा मावसभाऊ सांगलीला वायरमन आहे. व्हिडिओ कॉलवर मी त्याला डबीचा फोटो आणि शेगडीबरोबर आलेला कागद दाखवला. कागदावर काळी वायर फेज आहे आणि निळी न्यूट्रल. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल आणि निळी हा लाल-पिवळा-निळा या तीन फेजमधला एक. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, याला हात लावायचा नाही. मी तिथे असतो तरी मी लावला नसता." जुन्या जर्मन घरांत आणखी धोका आहे: 1965च्या आधी इथे अर्थिंगसाठी लाल वायर वापरायचे. आपण लाल बघितली की फेज समजतो. भारतात घरची किरकोळ कामं करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा, रंगांवर विसंबून इथे काहीही उघडू नका. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात आणि दिवा आपण लावायचा असतो, तिथेही हेच.

तोवर स्वयंपाक दोन हजार वॉटच्या सुट्या हॉटप्लेटवर. आमच्या घरात चिनी मातीचे, फिरवून बसवायचे फ्यूज होते. त्यांच्या टोकाला काचेआड छोटी रंगीत टिकली असते, लाल म्हणजे 10 अँपिअर, करडी म्हणजे 16. फ्यूज उडाला की टिकली सुटते. स्वयंपाकघराचा फ्यूज करडा, म्हणजे सगळं मिळून साधारण 3,680 वॉट. हॉटप्लेट चालू असताना 2,200 वॉटची किटली लावली की हिशोब मोडतो. कुकर उतरल्याशिवाय चहा नाही, असा नियम केला. एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा बोर्ड जोडून हॉटप्लेट कधीही लावू नका, ती थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच हवी. आणि इथल्या सॉकेटला आपल्यासारखं बटण नसतं, त्यामुळे काम झालं की प्लग उपसून ठेवायची सवय लावा.

सुटका झाली ती एका कागदाने. शेगडी जोडायला आलेल्या माणसाकडून मी दोन ओळी लिहून घेतल्या: जोडणी का नाकारली, आवरणाची अवस्था काय. त्याच्या फर्मचा शिक्का, उघड्या तांब्याचा फोटो आणि घरातल्या त्रुटीची रीतसर सूचना, असं सगळं रजिस्टर पोस्टाने पाठवलं. इथल्या कायद्यात घरातली त्रुटी मालकाला लगेच कळवणं भाडेकरूवर बंधनकारक आहे आणि घर वापरण्याजोगं राखणं मालकावर. पत्रात जर्मन नागरी संहितेतली (बीजीबी) दोन्ही कलमं घातली, 536सी आणि 535. त्यानंतर मात्र फोन त्यांच्याकडून आला. पाच वायरींची नवी केबल पडली, नवा बोर्ड बसला, शेगडी जोडली. पहिल्याच दिवशी डाळ-भात आणि पोळ्या केल्या, मन भरून आलं. हा कागद पहिल्याच दिवशी मागा, नंतर त्या माणसाला गाठणं कठीण जातं.

मिक्सरबद्दल राहिलंच. इथल्या सॉकेटमध्ये अर्थिंग मधल्या पिनेला नसतं, वर-खाली धातूच्या दोन पट्ट्या असतात. आपला थ्री-पिन प्लग स्वस्तातल्या युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये घातला, तर मिक्सर फिरतो पण अर्थिंग बरेचदा जोडलंच जात नाही. शेगडी जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच मी मिक्सरचा प्लग कापून इथला बसवून घेतला. इस्त्री भारतातून आणूच नका, इथेच घ्या. अॅल्युमिनियमचा कुकर काचेच्या साध्या इलेक्ट्रिक शेगडीवर चालतो, इंडक्शनवर चालत नाही. शेगडी घेण्याआधी कुकरच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा.

नव्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा, करंट गळायला लागला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच आला, आपल्याकडे ज्याला ईएलसीबी म्हणतात तसा. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. सहा महिन्यांतून एकदा ते दाबायचं, खटका लगेच पडायला हवा. पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याच दिवशी इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवा.