आमची वाटचाल : मध्येच बंद पडणाऱ्या पिकअपच्या मागावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि फौंड्रीच्या गर्दीत गॅरेज सुरू केलं तेव्हा पाटीवर ‘सर्व प्रकारची दुरुस्ती’ असं लिहिलं होतं. पाटी तीच आहे, पण आता जुन्या डिझेल पिकअप जास्त येतात आणि त्यांची तक्रार ठरलेली असते : चालता चालता बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की चालू होते.

जी गाडी बंदच आहे तिचं काम सोपं. दारात झकास चालणारी आणि कोकणातून आंबा भरून करूळ घाट चढताना बंद पडणारी गाडी मात्र डोकं खाते. सुरुवातीच्या काळात आम्हीही सगळ्यांसारखंच करायचो. अंदाजानं फिल्टर बदल, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) बदल, चार दिवस चालली की बिल कर. पाचव्या दिवशी गाडी परत दारात. त्यातून एक नियम झाला आणि तो आजही पाळतो : दोष डोळ्यांनी किंवा मीटरवर दिसल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.

जॉब कार्डावर म्हणूनच पहिला रकाना ‘कशी बंद पडते’ हा आहे. चावी फिरवल्यासारखी झटक्यात बंद पडली, तर वायरिंगकडे बघायचं. गचके देत, दम लागल्यासारखी मेली, तर डिझेलकडे. त्याखाली टाकीत डिझेल किती होतं, माल भरलेला होता का, चढ होता का, इंजिन किती वेळ तापलेलं होतं आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला. मालकापेक्षा ड्रायव्हरला विचारायचं, कारण मालक त्या वेळी घरी असतो.

यांत्रिक पंपाच्या गाड्यांत निम्मी भानगड हवेची. टाकी ते पंप हा रस्ता ओढीचा असतो, त्यामुळे पाइपाला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. खालून बघणाऱ्याला सगळं कोरडं दिसतं आणि तो ‘लाइन ओके’ म्हणून उठतो. आम्ही फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवतो. इंजिन चालू करून रेस दिली की बुडबुडे दिसतात. बारीक फेस सतत येत असेल तर हवा धरतेय हे नक्की. मग पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटजवळ टांगायचा आणि त्यातून थेट फिल्टरला डिझेल द्यायचं. बुडबुडे थांबले तर दोष फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला. तरीही आले तर फिल्टरचं हाउसिंग, त्यावरच्या हातपंपाचा फाटलेला पडदा, नाहीतर बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो बोल्ट) तांब्याचे वायसर. जुने वायसर घासून परत लावण्याची सवय फार जणांना आहे. एकदा दबलेला वायसर दुसऱ्यांदा नीट बसेलच असं नाही आणि नवा अगदी स्वस्तात मिळतो, त्यामुळे यात कंजुषी नको.

टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावरच बंद पडते, अशी तक्रार असेल तर टाकीतला ओढीचा पाइप काढून बघायचा. गंजून त्याला मध्येच भोक पडलेलं असतं. डिझेल भोकाच्या वर असेपर्यंत काही कळत नाही, खाली गेलं की पाइप हवा ओढायला लागतो. टाकीच्या तळाची जाळीही तेव्हाच धुवायची. गंज आणि काळी चिकट घाण तिच्यावर बसते. गाडी थांबली की ओढ थांबते, घाण सुटून खाली पडते आणि दहा मिनिटांनी इंजिन पुन्हा चालतं. ड्रायव्हर म्हणतो ‘गरम होऊन बंद पडली’. गरमीचा तिथे काही संबंध नसतो.

टाकीचं झाकण सगळेच विसरतात. त्यातली हवेची वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि तीस-चाळीस किलोमीटरनंतर डिझेल यायचं थांबतं. बंद पडल्या क्षणी झाकण उघडायला सांगतो. फुस्स करून हवा आत गेली तर दुखणं तिथंच.

झटक्यात बंद पडणाऱ्या गाड्यांनी आम्हाला मीटर शिकवला. रोटरी प्रकारच्या यांत्रिक पंपावर स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप असते; तिला वीज मिळते तोवर डिझेल सुटतं. वीज तुटली की इंजिन जागेवर बंद. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि सोलेनॉइडवर 11 दिसत असतील, तर वाटेत जवळपास पावणेतीन व्होल्ट खाल्ले जातायत. मग चावीचा स्विच, फ्यूजबॉक्स आणि सॉकेट एकेक हलवत मीटरचा काटा बघायचा. खात्रीसाठी बॅटरीवरून 10 अँपियरचा फ्यूज घालून सोलेनॉइडला थेट वायर द्यायची आणि ट्रायल मारायची. गाडी बंद पडली नाही तर स्विच किंवा वायरिंग दोषी. ही वायर लावल्यावर चावीनं इंजिन बंद होत नाही, हे ड्रायव्हरला आधी सांगायचं आणि चाचणी संपल्यावर ती काढायचीच. चावीला अडकवलेला घरच्या, दुकानाच्या आणि गोठ्याच्या किल्ल्यांचा जुडगाही अनेकदा स्विच खिळखिळा करतो. हातानं ओढायच्या स्टॉप केबलच्या गाडीत ही भानगड नाही, तिथे केबल पूर्ण परत जाते का एवढंच बघायचं.

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर कामाचं स्वरूपच बदललं. पाण्यात राहिलेल्या गाड्या धुऊन, ऑइल बदलून रस्त्यावर आल्या, पण सॉकेटांच्या आत तांब्यावर हिरवी पूड चढत राहिली आणि काही महिन्यांनी गाड्या मध्येच बंद पडू लागल्या. तेव्हापासून अर्थिंगची तपासणी प्रत्येक गाडीला करतो. स्टार्टर मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं चकाकेपर्यंत घासायची.

कॉमन रेल (एकाच नळीत मोठ्या दाबानं डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरना देणारी, संगणकावर चालणारी पद्धत) आल्यावर गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर घेतला आणि सुरुवातीला त्याच्यावर जरा जास्तच विश्वास ठेवला. स्कॅनरवर दोषाचा कोड नाही म्हणजे दोष नाही, असं नसतं. आम्ही चालत्या गाडीत आकडे बघतो. गाडी गिअरमध्ये पुढे जातेय, इंजिन फिरतंय आणि स्कॅनरवर आरपीएम एकदम शून्य झाला, तर क्रँक सेन्सर (इंजिनच्या फिरण्याचा वेग टिपणारा) किंवा त्याची वायर. तापल्यावर हा सेन्सर बऱ्याचदा मरतो आणि थंड झाल्यावर परत जिवंत होतो. बंद पडल्या जागी सेन्सरवर ओलं फडकं ठेवायचं. लगेच चालू झाली तर संशय पक्का. तरी नवा घालण्याआधी टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसायचा आणि इंजिन माउंटिंगपाशी वायर घासली गेली आहे का ते बघायचं.

आरपीएम हळूहळू उतरला आणि त्याच्याबरोबर रेलचा दाबही पडला, तर मोर्चा डिझेलकडे. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, हा दाब साधारण 250 ते 350 बार असतो. स्टार्टर मारताना तो 200 च्या आसपासही पोचत नसेल, तर बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) उघडतच नाहीत. मग चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन चालवायचं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर दाब खातोय. यात एक सक्त नियम आहे : इंजिन चालू असताना रेलचा पाइप सैल करायचा नाही. जुन्या गाडीत नोझलचा नट सैल करून हवा काढायची सवय हाताला असते, पण इथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेल कातडी फोडून आत शिरतं. नव्या पोराला पान्हा हातात देण्याआधी हे सांगतो.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेत नाही. मागे वाळूची पोती टाकून, टाकी पावपर्यंत ठेवून, वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ दोनदा. पहिल्या फेरीत इंजिन नुसतं तापतं, दोष दाखवते ती दुसरी फेरी. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि ते आधीच सांगतो. पार्ट न बदलता कसले पैसे, असं म्हणणारं गिऱ्हाईक अजूनही येतं. त्याला आधी बदललेल्या पार्टची बिलं घेऊन यायला सांगतो.