आमची वाटचाल : आठ लेपल आणि एक डिस्क

2004 साली मुंबईत, आरामनगरच्या गाळ्यात लोकेशन साउंडचं, म्हणजे शूटिंगच्या जागीच आवाज रेकॉर्ड करायचं सामान भाड्याने द्यायला लागलो तेव्हा जवळ एक 416 माइक, तो कलाकारांच्या डोक्यावर धरायचा एक बूम रॉड आणि उसनी बॅग होती. मालिका, जाहिराती करत सहा वर्षं नीट गेली. सांगायचंय ते 2010 चं.

सिनेमातलं मोठं नाव असलेले एक दिग्दर्शक टीव्हीसाठी समूहोपचारावर मालिका करणार होते. सात पेशंट, एक थेरपिस्ट, गोल मांडलेल्या खुर्च्या, मध्ये टेबल नाही. टेबल नाही म्हणजे माइक लपवायला जागा नाही. शिवाय डबिंग चालणार नाही. अडखळणं, एकमेकांचं तोडून बोलणं, सगळं जागेवरचंच हवं.

कर्ज काढून आठ वायरलेस लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचे छोटे माइक, आणि आठ इनपुटचं 788टी रेकॉर्डर घेतलं. रेकॉर्डिंगला साउंड रेकॉर्डिस्ट काका. आमच्या सामानाचं पहिलं भाडं त्यांनीच दिलेलं.

आठ माइक एकदम उघडे ठेवले की खोलीचा गोंगाट एका माइकपेक्षा नऊ डेसिबलने चढतो. त्यामुळे मिक्समध्ये बोलणाऱ्याचाच नॉब वर हवा. पण पुढे कोण बोलणार? काका कलाकारांच्या तोंडाकडे बघतच नव्हते, छातीकडे बघत होते. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो. चार दिवसांच्या पायलटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या भागाच्या शूटिंगमध्ये, त्यांचा एकही पहिला शब्द सुटला नाही. एक बाई बोलता बोलता थांबली आणि पदर चाळवत बसली. लेपलवर ती सळसळ येत होती. काकांनी नॉब खाली घेतला नाही.

मग दिग्दर्शक सिनेमाकडे वळले, मालिका बारगळली. पाव रक्कम अ‍ॅडव्हान्स आली होती, बाकीची कधीच नाही. ऑफिसात कुणी फोन उचलेना. हप्त्यांसाठी दोन किट विकली, एका पोराला घरी बसवावं लागलं, त्याचं आजही वाईट वाटतं. काकांनी दुसऱ्या कामाचं तीन महिन्यांचं भाडं आधीच आणून दिलं म्हणून गाळा राहिला.

नवीन पोरांना सांगतो, पायलट असला तरी काम रद्द झाल्यास किती पैसे, हे वर्क ऑर्डरवर लिहून घ्या. नाव बघून सामान सोडू नका. आणि रेशमी साडी असेल तर लेपल पदराखाली नको, ब्लाउजच्या शिवणीला लावा.

ते आवाज दिग्दर्शकांनी एकदाही ऐकले नाहीत. बॅकअपची डिस्क आमच्याकडे आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी ती लावून बघतो. अजून चालते.