पौर्णिमेचा उकाडा

मी गोव्यात बोटींच्या दुरुस्तीचं काम करतो. हनुमान जयंतीच्या दुपारी ब्रिटोनाला मांडवीच्या पात्रात बांधलेल्या एका शिडाच्या बोटीवर एसीसाठी मापं घ्यायला गेलो होतो. मालक काका-काकू रत्नागिरीकडचे. निवृत्तीनंतर वर्षातले चार महिने ते बोटीवरच राहतात. आठ दिवसांपूर्वी केबिनच्या उकाड्यात काकूंना चक्कर आली आणि त्या पायऱ्यांवरून पडल्या. कपाळाला तीन टाके.

बोटीचा एसी खाडीचं पाणी आत ओढून थंड होतो. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला भोक पाडायचं, आणि बॉयला, म्हणजे पात्रातल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या बोटीला किनाऱ्याची वीज नाही म्हणून वर जनरेटर बसवायचा. तो रात्रभर डोक्याशी घरघरणार. मला हे काम मनातून नको होतं. पण टाके दिसत असताना तसं सांगणार कसं?

दोन वाजले होते. बाहेर सावलीत ३३ अंश, आत ३७. समोरच्या हॅचवर, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या खिडकीवर, त्यांनी कापडी विंडस्कूप लावला होता. हॅचमधून वर उभी राहणारी ही झोळी पुढून येणारा वारा पकडून खाली केबिनमध्ये ढकलते. तो लोळागोळा होऊन हॅचच्या तोंडावरच पडला होता.

"याचं काही कळत नाही बघ," काकू म्हणाल्या. "कधी यातून असा वारा येतो की चादर ओढावी लागते. आणि मग चार-पाच दिवस हा असा. बोट तीच, जागा तीच."

देव्हाऱ्यात उदबत्ती जळत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. धूर सरळ वर गेला, छताला टेकला आणि तिथेच पसरून थांबला. आत हवेची हालचालच नव्हती. वर डेकवर आलो तर चांगला वारा सुटला होता. डोलकाठीवरचं निशाण नदीच्या वरच्या अंगाला, दिवाडी बेटाच्या दिशेला फडफडत होतं, म्हणजे वारा समुद्राकडून, रोजचा दुपारचा खारा वारा. आणि बोटीचं नाकही दिवाडीकडेच! वारा तिच्या पाठीवर येत होता.

नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते, हे उघड्या समुद्रात खरं. नदीत तसं नाही. खाली खोल कील, म्हणजे बुडाचा पाण्यात उतरलेला जड पंखा, असलेल्या बोटीला वाऱ्यापेक्षा पाण्याची ओढ जास्त लागते, आणि ती प्रवाहाला सामोरी राहते. त्या वेळी ओहोटी जोरात होती. पाणी समुद्राकडे चाललं होतं म्हणून नाक वरच्या अंगाला. विंडस्कूपचं तोंडही तिकडेच. मागून वारा लागला की ते कापड वारा आणायचं सोडून हॅचला बूच मारत होतं.

पण मग कधी चालतं आणि कधी नाही, ते का? काकूंनी उकाडा सोसेना म्हणून किनाऱ्यावर जावं लागलं ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केले होते. तारखांत काही जुळेना. तिथ्या वाचल्या आणि अंगावर काटा आला. सगळे गोल अमावास्या-पौर्णिमेच्या अल्याडपल्याड. चक्कर आलेला दिवस तेवढा वेगळा होता, त्या दिवशी वाराच पडला होता.

वेंगुर्ल्यात आमच्या घरी हा हिशेब पोरांना पाढ्यांबरोबर येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. गोव्यात थोडं मागेपुढे होतं, पण सव्वाअकराला भरती म्हणजे पुढचे सहा तास ओहोटी, नेमके खाऱ्या वाऱ्याचे आणि तेही उधाणाचे. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे दुपारभर पाणी चढतं, नाक समुद्राकडे, आग्वादच्या दिशेला, आणि वारा थेट तोंडावर. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओढही कमी, म्हणून बोट वाऱ्याचंच ऐकते. त्या दिवसांत काकू चादर ओढत होत्या.

काका गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आज मागचं दार उघडायला हवं होतं."

ते दार बंद होतं, आणि कारणही रास्त होतं. वाऱ्याबरोबर उन्हंही पश्चिमेकडूनच यायची, म्हणून त्यांनी पायऱ्यांवर ताडपत्रीचा जाड पडदा सोडला होता. हवेला आत यायला वाट नाही, आणि जायच्या वाटेवर विंडस्कूप.

मी विंडस्कूप काढला. हॅचच्या बिजागऱ्या मागच्या कडेला होत्या, म्हणजे झाकण पुढे तोंड करून उघडत होतं. वारा पाठीमागून असला की अशा झाकणाच्या आडोशाला दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. मग पडदा काढून तीच ताडपत्री बूमवरून, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्यावरून, कॉकपिटच्या (मागच्या उघड्या बैठकीच्या) मागे तिरकी बांधली. खाली दोन हात मोकळं ठेवलं, ऊन अडावं आणि वारा खालून शिरावा एवढं. हे बांधायलाच पाऊण तास गेला. दोर तीनदा सोडून बांधले, कारण ताडपत्री डेकला चिकटली की तिच्याखाली गरम हवा साठून राहते.

काकूंनी नवी उदबत्ती लावली. धूर आडवा झाला, पायऱ्यांकडून पुढे वाहत गेला आणि हॅचमधून बाहेर पडला. तासाभराने आत ३४ होते. बाहेरच्या हवेपेक्षा गार केबिन वाऱ्याने होत नाही. पण आमच्या दमट हवेत घाम सुकायला अंगावरून वारा जावा लागतो, आणि तो आता जात होता.

मागच्या छोट्या केबिनमध्ये मात्र धूर पोचलाच नाही. तिथून हवेला बाहेर पडायची वाटच नव्हती. तिथे पुढच्या महिन्यात एक हॅच बसवून दिला. पावसात हॅच लावून घ्यावे लागतात, म्हणून डेकवर दोन डोरेड व्हेंटही बसवले. १९३० सालच्या डोरेड नावाच्या शर्यतीच्या बोटीवरून हे नाव पडलं. पेटीत एक आडभिंत असते. पाणी तिला अडून खालच्या भोकांतून डेकवर निघून जातं, हवा तेवढी आत उतरते.

त्या संध्याकाळी मी निघताना काकू कॅलेंडर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अष्टमीच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'स्कूप लावणे'. द्वादशीच्या चौकटीत, 'स्कूप काढणे, मागचं दार उघडं'. काका माझ्या मापांच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या अमावास्येच्या भरतीची वेळ काढत होते.