तुम्ही विचारलंत म्हणून: टॉल्स्टॉय वाचून झाल्यावरही ड्रॅगन कशाला?

“टॉल्स्टॉय, जॉर्ज इलियट वाचणाऱ्या तुम्ही, आणि या वयात जादूगार न् ड्रॅगन? पळवाटच की ही!” हे मला कौतुकानेही ऐकवतात आणि कीव करूनही. एरवी मी हसून विषय बदलते.

आधी भांडून घेते. ‘ओडिसी’त एकडोळ्या राक्षस आहे, माणसांची डुकरं करणारी चेटकीण आहे. ‘हॅम्लेट’ची सुरुवातच भुताने होते. गोगोलच्या १८३६च्या कथेत तर एका माणसाचं नाक अंगावर सरकारी गणवेश चढवून पीटर्सबर्गभर मिरवतं. तिथे कुणाला पोरकटपणा दिसत नाही!

पूर्वी मी एवढ्यावर न थांबता ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनचं १९३९चं व्याख्यान पुढे करायची: कैद्याने तुरुंगातून सुटू पाहणं वेगळं आणि शिपायाने रणातून पळणं वेगळं. आता नाही करत. कारण खरं सांगायचं तर मी वाचलेल्या फँटसीतली बरीचशी सुमार आहे. सुरुवातीला नकाशा, मग एक अनाथ पोरगा, मग भविष्यवाणी, आणि पुढे तीन जाडजूड खंड. ती मी निव्वळ डोकं बाजूला ठेवायला वाचते. कसला आलाय तुरुंग? आणि जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’मधल्या डोरोथियासारखी चुकीच्या लग्नात हळूहळू गुदमरणारी बाई तिथे मला अजून भेटलेली नाही.

मग तरीही का, ते सांगते.

जिन्यावरून पडले आणि पाठीचं ऑपरेशन झालं. अंथरुणात असताना कुणीतरी टॉल्स्टॉयची १८८६ची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ आणून दिली. चांगल्या मनानेच दिली असणार, पण पडलेल्या माणसाला ही गोष्ट! नव्या घराचे पडदे कसे लावायचे ते दाखवताना इव्हान शिडीवरून घसरतो, कुशीला खिडकीच्या मुठीचा मार बसतो, आणि तिथून सुरू झालेलं दुखणं त्याला संपवूनच थांबतं. सगळे त्याच्याशी खोटं बोलतात. खोटं न बोलणारा एकच, गेरासिम नावाचा नोकर. तो त्याचे पाय खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो. तसं कुणी माझेही पाय धरून बसावं असं वाटायचं. पुस्तक थोरच आहे, वाद नाही. पण इव्हान मरतो आणि मला जगायचं होतं.

मी चालायला लागले, तशी घरात ‘झालं एकदाचं’ची हवा पसरली. “आता ठणठणीत ना?” मी “हो” म्हणायची. पडले ती तारीख जवळ आली की मात्र जिना उतरताना कठडा सुटत नसे. त्या दिवसांत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुन्हा हाती घेतलं. युद्ध जिंकून त्यातला नायक फ्रोडो घरी येतो, बागा पुन्हा फुलतात. पण खांद्यात सुरा बसला ती ६ ऑक्टोबर आली की तो आजारी पडतो. अवाढव्य कोळ्याने दंश केला तो १३ मार्च आला की पुन्हा. आणि हे तो लपवतो! विजेत्याच्या पंचांगात या दोन तारखा घालणारा लेखक १९१६मध्ये, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होता. १९१८पर्यंत त्याचे जवळचे मित्र, एक वगळता, सगळे गेलेले होते. वाचलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते मला इथे सापडलं.

वाचकांच्या एका बैठकीत मी माझं पडणं आणि फ्रोडो, एवढंच बोलले. एक ज्येष्ठ गृहस्थ मायेने म्हणाले, “अहो, अशा वेळी टॉल्स्टॉय वाचायचा. आधार वाटला असता.” सगळ्यांनी माना डोलावल्या. उशाशी कोणतं पुस्तक होतं ते सांगायला माझं तोंडच उघडलं नाही.

तिशीतली मी असते तर म्हणाले असते, आजारपणात धीर देतं ते औषध, साहित्य नव्हे. दोन्हींचं माप वेगळं. तिला द्यायला उत्तर माझ्याकडे आजही नाही. फ्रोडो त्यानंतर पुन्हा वाचला. इव्हान इलिचकडे हात जात नाही. तेव्हा पळवाट नेमकी कुठली, हे तुम्हीच ठरवा. मला इव्हान टाळताना जास्त पळाल्यासारखं वाटतं.